येणारे साहेब

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळं एखाद्या मोठ्या माणसाविषयी मी लिहायचं म्हणजे आगाऊपणाच. चुकलं तर समजून घ्यावं. पण बनसोडे साहेबांविषयी दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो.

बनसोडे साहेब म्हणजे दवाखाने आणि निराधारांचे आश्रम तपासणारे इन्स्पेक्टर. नळदुर्गला माझ्या खोलीला लागूनच त्यांची खोली. एकटेच राहायचे. इतक्या दिवसांच्या शेजारात मी त्यांना एकही ठिकाण तपासताना पाहिलं नाही.

रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, काळी बॅग घेऊन ते निघायचे आणि हायवेवरच्या ढाब्यात बाजेवर जाऊन बसायचे. चहा बशीत ओतायचा आणि ट्रकवाला दिसला की त्याला जवळ बोलवायचं.

"उमरग्याकडं का? वाटेत दवाखान्यापाशी थांबलास तर सांग, साहेब उद्या येणार. पण कुणाला बोलू नको हं."

हे शेवटचं वाक्य नसतं, तर बातमी इतकी लवकर पोचली नसती.

जळकोटच्या पलीकडं सोसायटीच्या चेअरमननं काढलेला एक आश्रम होता. तिथं ही बातमी पाण्याच्या टँकरबरोबर जायची. टँकरचे ड्रायव्हर रसूलभाई एकदा कुरकुरले, "साहेब, मागल्या हप्त्यात बी तुमी उद्याच म्हनले व्हते."

"मग? तो उद्या वेगळा, हा वेगळा," साहेब म्हणाले.

त्या आश्रमात माझी चुलती होती. लकव्यानं तिचं एक अंग गेलेलं. दुष्काळात आईवडील खडी फोडायला गेले, घरी तिला बघायला कुणी उरलं नाही, म्हणून तिथं ठेवलेली. सतत उताणं पडून तिच्या पाठीला जखम झाली होती. कूस बदलायला कुणी जवळ येईना. जखम आत गेली तर म्हातारी राहायची नाही, हे मलाही कळत होतं. मी भीत भीत साहेबांना म्हणालो, "एकदा तुम्ही स्वतः जाऊन बघा ना."

"बस. चहा घे." त्यांनी बशीत फुंकर घातली. "मी गेलो तर काय होईल? सकाळी चादरी बदलतील, दुपारी मला शिरा खायला घालतील आणि संध्याकाळी चादरी काढून ठेवतील. आलेला साहेब निघून जातो, बाळा. येणारा साहेब दारातच असतो."

"पण त्यांना संशय आला तर?"

"येऊ दे की. संशयापायीच हात हलतात त्यांचे."

पुढच्या रविवारी आश्रमात गेलो, तर स्वयंपाकीणबाई चादर पिळत साहेबांच्या नावानं बोटं मोडत होती. "मुडदा आज बी आला न्हाय. रोज नुसतं धू आन् धू." टँकरचं पाणी एरवी आधी चेअरमनच्या मोसंबीला जायचं. आता ते चादरींना पुरत होतं.

चुलती मात्र खुशीत होती. "तुजा साहेब लई गुणाचा बग. म्या त्यास्नी बघितलं न्हाय, पर त्यांच्या नावानं माजी कूस बदलत्यात."

तिच्या पाठीची जखम सुकायला लागली होती.

उन्हाळ्याच्या तोंडाला साहेब तापानं पडले. मी पेज घेऊन गेलो, तर थरथरत शर्टाची बटणं लावत होते. "आज टँकरचा दिवस. ढाब्यावर जायला पाहिजे."

"रसूलभाईंना मी सांगतो. तुम्ही पडा."

"सांगशील? आणि कुणाला बोलू नको म्हण. ते विसरू नको."

मी सांगून आलो. दुसऱ्या दिवशी शिष्यवृत्तीच्या कामासाठी मला उस्मानाबादला जायचं होतं. साहेबांचा पगार कापला जाऊ नये, म्हणून तेवढ्यात त्यांच्या कचेरीतही डोकावलो. दारात एक म्हातारा शिपाई विडी ओढत बसला होता.

"नळदुर्गचे बनसोडे साहेब आजारी आहेत," मी म्हणालो. "चार दिवस कामावर येणार नाहीत. त्यांच्या रजेचं तेवढं बघा."

शिपायानं विडी विझवली. "रजा? आवो, ते दुष्काळ पडायच्या आधीच रिटायर झाले की."

मी विचारलं, "मग तिकडचे आश्रम आता कोण तपासतं?"

"कोण बी न्हाय," तो म्हणाला. "त्यांच्या जागी अजून माणूसच दिला न्हाय."