ऐकण्याचा महिना

"होळीपर्यंत या घरातली मांजर इंग्रजीत ओरडंल," असं अनंतरावांनी शहाऐंशी सालच्या दिवाळीत जाहीर केलं. मांजर त्या वेळी चुलीपाशी झोपली होती. तिनं काही मनावर घेतलं नाही.

अनंतराव मानवतच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत. इतकी वर्षं त्यांनी इंग्रजी मराठीतूनच शिकवलं होतं. कुणाला काही येत नव्हतं, त्यामुळे कुणाची तक्रारही नव्हती. मग औरंगाबादला ट्रेनिंग झालं आणि चांगला माणूस बिघडून परत आला. आधी ऐकणं, मग बोलणं, मग वाचणं, मग लिहिणं, हा क्रम मोडायचा नाही. तासाला मराठीचा शब्द नको. उत्तर पूर्ण वाक्यात हवं आणि वाक्य बरोबर आलं की गुरुजींनी 'व्हेरी गुड' म्हणायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. शाळेत हेडमास्तरांनी दुसऱ्याच दिवशी टाळ्या बंद करवल्या, कारण शेजारच्या वर्गातलं गणित थांबायला लागलं होतं. मग अनंतरावांनी नवी पद्धत घरी आणली.

घरी विद्यार्थिनी एकच, मुलगी कावेरी. बारावी पास होऊन सहा महिने घरी बसलेली. बायको विमलाबाई आणि आई नर्मदाबाई या टाळ्यांपुरत्या. नर्मदाबाईंना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण 'व्हेरी गुड' कानावर आलं की जपमाळ मांडीवर ठेवून त्या इमानदारीनं टाळ्या वाजवत.

पहिल्याच आठवड्यात कावेरी म्हणाली, "बाबा, मला परभणीला कॉलेजात जायचंय."

"अगं, हा ऐकण्याचा महिना हाय," अनंतराव म्हणाले. "आता फक्त ऐकायचं. बोलायचं पुढच्या महिन्यात."

कावेरीनं महिनाभर ऐकलं. बोलण्याचा महिना लागला त्या दिवशी तिनं तेच परत सांगितलं.

"इन इंग्लिश, प्लीज."

"आय वाँट..."

"थांब. आज आपला धडा स्वयंपाकघरातल्या वस्तूंचा हाय. व्हॉट इज धिस?"

"धिस इज अ लाटणं."

लाटण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते ट्रेनिंगमध्ये आलं नव्हतं, त्यामुळे तो तास तिथंच संपला. कॉलेजचा विषय मागं पडला तो पडलाच. वाचण्याच्या महिन्यात वाचायचं होतं, आणि लिहिण्याचा महिना लागतो न लागतो तोच पूर्णेहून स्थळ आलं.

मुलगा बन्सीधर पूर्णेला रेल्वेच्या हपिसात कारकून. त्याचे वडील व्यंकटराव तहसिलीतून रिटायर झालेले. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून झालं होतं. इंग्रजीशी त्यांचा संबंध सहीपुरता, पण तसं कबूल करायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी अट घातली होती: मुलाच्या साहेबांच्या बायकांत वावरावं लागंल, तेव्हा सुनेला इंग्रजी यायलाच पाहिजे. आमी स्वतः परीक्षा घेऊ. मात्र मुलगी शिकलेली पाहिजे, शिकणारी नको.

हे ऐकून कावेरीचा चेहरा उतरला. अनंतरावांना तो दिसला नाही, कारण ते आनंदात होते. मुलगी तर उजवणारच होती, शिवाय पद्धतीचंही कौतुक होणार होतं!

पाहुणे आले. मुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा आला. बैठकीत कावेरी मान खाली घालून बसली. व्यंकटरावांनी घसा साफ केला आणि पाठ करून आणलेला प्रश्न टाकला. "व्हॉट इज युवर नेम?"

"माय नेम इज कावेरी."

"व्हेरी गुड," अनंतराव म्हणाले, आणि पडद्याआडून टाळ्या झाल्या. व्यंकटरावांच्या बशीतला चहा धोतरावर सांडला. बन्सीधरनं दचकून दाराकडं पाहिलं.

मग इंग्रजी वर्तमानपत्र वाचून झालं. टाळ्या. घरचा पत्ता कागदावर लिहून झाला. टाळ्या. तोपर्यंत व्यंकटरावांच्या मंडळीही हात पदरातून काढून सामील झाल्या होत्या आणि रस्त्यावरची दोन माणसं खिडकीशी थांबून आत कुणाचा सत्कार चाललाय ते विचारत होती.

"आपली तसल्ली झाली," व्यंकटराव म्हणाले. "आता पुढं कॉलेज-बिलेज काई न्हाई. इतकं बास हाय."

एक शेवटचा प्रश्न त्यांच्याकडं शिल्लक होता. तो फक्त रीतीचा होता. मुलीनं लाजून आत पळायचं, की त्याचा अर्थ होकार.

"डू यू लाइक माय सन?"

कावेरी पळाली नाही. तिनं मान वर केली. "नो."

"फुल सेंटेन्स," अनंतराव म्हणाले. जीभ आपोआप वळली, त्यात त्यांचा काही विचार नव्हता.

"नो, सर. आय डू नॉट वाँट टू मॅरी नाऊ. आय वाँट टू गो टू कॉलेज."

इतकं लांब, इतकं सरळ आणि कुठंही न अडखळता! तीन महिन्यांत असं घडलं नव्हतं. अनंतरावांचा ऊर भरून आला.

"व्हेरी गुड!"

या खेपेला टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात मोठ्यानं वाजवल्या व्यंकटरावांनी. एकट्या बन्सीधरचे हात हवेतच राहिले. नर्मदाबाई साखरेची वाटी घेऊन बाहेर आल्या आणि दिसेल त्याच्या तोंडात चिमूट घालत सुटल्या. व्यंकटराव फाल्गुनातली तिथी काढा म्हणाले. अनंतरावांच्या तोंडात साखर विरघळली तसा वाक्याचा अर्थही डोक्यात शिरला.

"व्यंकटराव," ते चाचरत म्हणाले, "ती काय म्हणाली ते तुमाला समजलं ना?"

"म्हंजे? आमाला इंग्रजी समजत न्हाई असं वाटायलंय का तुमाला?"

"न्हाई, न्हाई. तसं कसं म्हणीन मी?"

"मग काढा तिथी."

शेवटी बन्सीधरच खाली बघत म्हणाला, "बाबा, ती नको म्हणाली."

व्यंकटरावांनी तोंडातली साखर सावकाश गिळली, टोपी डोक्यावर नीट बसवली आणि उठले.

"ते आमाला कवाच कळलंय," ते म्हणाले. "साखर आमी तिच्या इंग्रजीबद्दल खाल्ली." आणि कुणाकडं न बघता पायऱ्या उतरून गेले.

पाहुणे गल्लीच्या वळणाआड गेले तशा विमलाबाई पडद्याबाहेर आल्या.

"अहो, पोरगी दिवाळीपासून मराठीत हेच सांगायलीय. तवा तुमी कान दिला न्हाई. आन् आज चार लोकांत बोलली तर व्हेरी गुड?"

अनंतरावांना खरंच वाईट वाटलं होतं.

"मराठीत कसं ऐकायचं," ते हळूच म्हणाले, "ते ट्रेनिंगमध्ये घेतलं न्हाई."

जूनमध्ये अनंतराव स्वतः कावेरीला घेऊन परभणीला गेले. इंग्रजीच्या प्राध्यापकांशी ओळख करून दिली, पद्धतीबद्दल दोन शब्दही बोलले. मग ते चहा प्यायला बाहेर पडले, आणि तेवढ्यात कावेरीनं मराठी विषय घेऊन टाकला.