पाठकोरी चौदा पानं

रविवारी सकाळी साडेआठला उत्तरेश्वर आंघोळ करून बाहेर आला, तर तिपाईवर ठेवलेले कागद जागेवर नव्हते.

"अगं, इथले कागद कुठं गेले?"

"कुठले?" द्वारकेने स्वयंपाकघरातूनच विचारलं.

"ऑफिसचे. चौदा पानं. पिन मारलेली."

"बाबांनी नेले असतील. पाठकोरे होते का?"

कागद पाठकोरेच होते. एका बाजूला छापलेलं, दुसरी बाजू स्वच्छ कोरी. आणि त्याचे सासरे हिंमतराव यांच्या तावडीतून पाठकोरा कागद सुटल्याचं धायरीत कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं कारकुनी केलेला हा माणूस निवृत्तीनंतर लेकीकडे राहायला आला आणि सहा महिन्यांत सोसायटीचा सचिव झाला. लग्नपत्रिका, विजेची बिलं, नातवाच्या जुन्या प्रश्नपत्रिका, जे जे एका बाजूने कोरं ते ते हिंमतरावांचं. त्यावर ते सोसायटीच्या नोटिसा लिहीत. दोन्हीकडून कोरा कागद नोटिशीला वापरणं त्यांना उधळपट्टी वाटे.

आता त्या पानांवर काय होतं ते सांगायला हवं. उत्तरेश्वर बाणेरच्या 'झटकन पेमेंट्स' नावाच्या कंपनीत हिशेबाच्या खात्यात होता. लोकांना रोखीवाचून व्यवहार करून देणारी ही कंपनी. दोन वर्षांपासून तिच्या स्वतःच्याच हाती रोख उरली नव्हती, म्हणून ती एकेक विभाग विकत सुटली होती. टोलचा विभाग गेला, कँटीनच्या कार्डांचा गेला, बसतिकिटांच्या यंत्रांचाही गेला. दर तिमाहीला निकाल जाहीर करायचा, काय विकलं आणि काय विकायला काढलं ते त्यात लिहायचं, आणि जाहीर होईपर्यंत तोंडाला कुलूप. या वेळची संचालकांची बैठक सोमवारी चार वाजता होती. त्याआधी एक ओळ जरी बाहेर गेली, तर कोणीतरी शेअर विकून मोकळा होणार आणि चौकशी उत्तरेश्वरच्या दारात येणार.

"मेल नाही, व्हॉट्सॲप नाही," त्याच्या वरिष्ठ श्रद्धा मॅडमनी शुक्रवारी बजावलं होतं. "एकच प्रिंट. ऑफिसबाहेर न्यायची नाही. घरच्यांनाही सांगायचं नाही."

आणि उत्तरेश्वरने ती शनिवारी डब्याच्या पिशवीतून घरी आणली होती. ऑफिसात लोक सारखे बोलतात आणि बेरीज चुकायची भीती, एवढंच कारण. घराच्या कर्जाची अकरा वर्षं बाकी होती, अभिनवचं इंजिनियरिंग अर्ध्यावर होतं, आणि स्वतःचं वय एकोणपन्नास. या वयाला, तेही कागद फोडल्याचा डाग घेऊन, कोण नोकरी देणार?

"अहो, एवढं काय त्यात?" द्वारका हात पुसत बाहेर आली. "बाबांना सरळ सांगा, कागद परत द्या म्हणून."

"मामा कारण विचारल्याशिवाय देतील?"

"नाही देणार."

"आणि कारण सांगितलं तर?"

"संध्याकाळपर्यंत नऱ्ह्यापर्यंत पोचेल," ती म्हणाली. वडिलांबद्दल तिचा काही गैरसमज नव्हता.

उत्तरेश्वर जिन्याने खाली धावला. ए विंगच्या लिफ्टमध्ये, बटणांच्या वर, हिंमतरावांच्या वळणदार अक्षरात नोटीस होती: 'कचऱ्याची पिशवी लिफ्टमध्ये ठेवून जाऊ नये. ती स्वतःहून कुंडीपर्यंत जात नाही. हुकुमावरून, सचिव.' त्याने कोपरा उचलून मागे पाहिलं. पान चार. कागद ओढणार इतक्यात त्याला वर कॅमेरा दिसला. तो घरी गेला, गाडीचं हेल्मेट घालून आला आणि नोटीस ओढून काढली. मग बी आणि सी विंगच्या लिफ्टमधूनही काढली. पान सात आणि पान दोन.

बाकीची पानं सोसायटीच्या ऑफिसात, आणि ऑफिसची किल्ली हिंमतरावांच्या जानव्याला. तो वाट बघत पार्किंगमध्ये थांबला. अर्ध्या तासाने हिंमतराव फेरीवर निघाले, रिकाम्या भिंती बघून परत गेले, आणि तिन्ही लिफ्टमध्ये नवी नोटीस लागली: 'नोटीस फाडणाऱ्याने फाडण्यापूर्वी ती वाचली असेल, अशी आशा आहे. सचिव.' तिच्यामागे पानं नऊ, एक आणि अकरा होती.

उत्तरेश्वरने तीही काढली. त्यावर तिसरी आली: 'लिहून लिहून सचिव कंटाळतील असे कोणास वाटत असल्यास, सचिव निवृत्त आहेत व त्यांना दुसरे काम नाही, याची नोंद घ्यावी.' तीही त्याने काढली, तशी चौथी लागली. चौथी काढली, तशी पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या दारावर पाचवी दिसली. मुळात पहिली नोटीस तशीच सोडली असती, तर पानं भिंतीकडे तोंड करून गप्प पडली असती आणि सोमवार सुखाने उलटला असता, हे त्याच्या दुपारी तीन वाजता लक्षात आलं. पण भ्यालेल्या माणसाला शहाणपण नेहमी जेवणानंतरच सुचतं. डब्याच्या पिशवीत आता तेरा पानं जमली होती. एक राहिलं होतं.

तेवढ्यात हिंमतरावांचा फोन आला.

"जावईबापू, जरा ऑफिसात या. चोर सापडला."

उत्तरेश्वरने पिशवी आणि हेल्मेट घरी टाकलं आणि तो गेला. ऑफिसात हिंमतराव कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर चष्मा पुसत बसले होते. पडद्यावर हेल्मेट घातलेला एक माणूस लिफ्टमधून कागद ओढत होता.

"बघा," हिंमतराव म्हणाले. "लोक गाडीवर हेल्मेट घालत नाहीत, हा लिफ्टमध्ये घालतोय. डोक्याने अधू दिसतो."

"असेल, मामा."

"चाल बघा कशी. घाबरट. अशा माणसाला घरात कोणी विचारत नसणार." त्यांनी चित्र थांबवलं. "बसा. चार विंगफेऱ्या आहेत, सगळ्या बघू. बूट ओळखू आले तर पकडला."

उत्तरेश्वरने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "मामा, मला जरा काम होतं."

"रविवारचं कसलं काम? आणि आता घाई नाही. शेवटचा कागद मी अशा जागी लावलाय की त्याच्या बापाला निघायचा नाही. गेटवरच्या केबिनच्या काचेला, आतून. वर केबिनला कुलूप."

काचेला, आतून. आणि नेहमीप्रमाणे छापलेली बाजू चिकटवून. म्हणजे नोटीस केबिनच्या आत बघणार आणि छापलेली बाजू रस्त्याकडे. आतून वाचायला केबिनमध्ये कोणीच नव्हतं, हे हिंमतरावांच्या गावीही नव्हतं. तो दोनदा उठला आणि दोन्ही वेळा 'बी विंग राहिलीय' म्हणून खाली बसवला गेला. स्वतःच्याच सासऱ्याच्या शेजारी बसून स्वतःला चोरी करताना बघण्यात त्याचे पावणेदोन तास गेले. बूट काही नीट दिसले नाहीत, ही एकच देवाची कृपा.

पाचच्या सुमाराला तो गेटकडे निघाला, तेव्हा समोरच्या किराणा दुकानातून शकीलभाईंनी हाक मारली.

"भाऊ, दूध घेऊन जा. पैसे राहू द्या."

शकीलभाई माणूस चांगला, पण दहा वर्षांत त्यांनी सुटे नाहीत म्हणून एक रुपयासुद्धा सोडला नव्हता. उत्तरेश्वरने पिशवी हातात घेतली. "का हो?"

"असू द्या. वक्त सबका येतो." शकीलभाईंनी नजर खाली वळवली आणि गिऱ्हाईक नसताना तागडी पुसायला लागले.

म्हणजे यांनी वाचलं. पुढे सी विंगचे सुदर्शन भेटले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ सकाळी सव्वानऊ ते साडेतीन शेअर बाजारात असत, मोबाइलवर. त्यांनी येऊन उत्तरेश्वरच्या खांद्यावर हात ठेवला.

"वाचलं मी काचेवर. वाईट झालं."

उत्तरेश्वरला पोलीस, वर्तमानपत्र, अभिनवची थांबलेली फी असं सगळं एकदम दिसलं. "काका," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही शेअर विकले का?"

"आज रविवार आहे."

"मग उद्या विकणार?"

"तुमच्या कंपनीचे माझ्याकडे नाहीत. मी अभ्यास करून घेतो." सुदर्शननी खांदा थोपटला. "मला तुमच्याबद्दल वाईट वाटलं, म्हणून म्हटलं."

"माझ्याबद्दल कशाला?"

सुदर्शननी काचेकडे बोट दाखवलं. "तुमचाच कागद ना? तुम्ही वाचला नाहीत?"

इथे उत्तरेश्वरच्या कामाची एक रीत सांगायला हवी. बेरीज तपासताना तो शब्दांवर फूटपट्टी ठेवायचा, म्हणजे फक्त आकडे दिसतात. शब्द वाचले की माणूस विचार करतो, आणि विचार केला की हातचा विसरतो, असं त्याचं मत. शब्द वकिलांचे, आकडे आपले. वीस वर्षांत या रीतीने त्याची एकही बेरीज चुकली नव्हती.

तो काचेपाशी गेला आणि पान तेरा आयुष्यात पहिल्यांदा डावीकडून वाचलं.

'विकायला काढलेला विभाग क्रमांक चार: हिशेब खाते. कर्मचारी नऊ, संगणक अकरा, प्रिंटर एक. जसे आहेत तसे. अपेक्षित किंमत: बेचाळीस लाख रुपये.'

आकड्याशेजारी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण होती. ती त्यानेच केली होती.

त्याने सवयीने संगणकांचे आणि प्रिंटरचे मनातल्या मनात वजा केले आणि उरलेल्याला नवाने भागलं. सव्वाचार लाखसुद्धा होत नव्हते. मग तो भीती वाटायची वाट बघत उभा राहिला. ती आलीच नाही. दिवसभर जी नोकरी जाईल म्हणून जीव टांगणीला लावला होता, ती त्याच्या पिशवीत बसूनच घरी आली होती, विकायला काढलेली. त्याला राग आला, आणि राग आल्यावर फार बरं वाटलं.

फोन वाजला. श्रद्धा मॅडम.

"उत्तरेश्वर, प्रिंट तुमच्या ड्रॉवरमध्येच आहे ना?"

"नाही मॅडम. धायरीत आहे. पान तेरा आमच्या सोसायटीच्या काचेवर लावलंय."

"कोणी वाचलं?" त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"सगळ्यांनी. मी शेवटचा."

"ते आधी काढा. प्लीज. हे बाहेर गेलं तर मी कुठेच राहणार नाही. मुलगी यंदा दहावीला आहे हो माझी."

सकाळपासून जी भीती त्याच्या पोटात होती, ती आता फोनच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. उत्तरेश्वरला मॅडमची दयासुद्धा आली. "काढता येत नाही," तो म्हणाला. "किल्ली सासऱ्यांकडे आहे, आणि त्यांना कारण सांगावं लागेल. पण एक उपाय आहे."

"कुठला?"

"बैठक उद्या चारला आहे. तोवर घेणाऱ्या पार्टीशी बोला आणि अट बदलून घ्या. जसे आहेत तसे नाही. नवांपैकी कोणालाही तीन वर्षं काढायचं नाही, आणि त्यानुसार किंमत. म्हणजे खरं पान वेगळं होईल आणि काचेवरचं नुसता चुकलेला कच्चा कागद."

मॅडमच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

"तीन नाही होणार," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन वर्षं. तेवढं मी पदरात पाडून घेते."

"चालेल," उत्तरेश्वर म्हणाला. "सकाळी लिहून ठेवा. मी येऊन तपासतो. आणि मॅडम, या वेळी मी शब्दही वाचणार आहे."