पडद्यातल्या म्हातारीचा अबोला

खरं माणूस कसं असतं, हे मला विचारा! शाळा चौथीत सुटली, पण माणसं ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

माझी लेक घरी बसून कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. तिच्या खेळात वेशीवर एक म्हातारी बसते, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट सांगते. तिने काय बोलायचं, ते कॉम्प्युटरच ठरवतो. पण बोलायची कशी, तर पाकात बुडवलेल्या बाहुलीसारखी! लेकीच्या कंपनीतल्या मॅडमनी बजावलं होतं, "सोमवारपर्यंत म्हातारी जिवंत वाटली नाही, तर हे काम दुसऱ्याकडे. आणि तुमची खुर्चीही!"

लेक रडकुंडीला आली. "आई, काय करू गं?"

"अगं, कुठली म्हातारी परक्याशी एवढं गोड बोलते? सरक! माझा आवाज घे."

आठ दिवस मी माईकपुढे तोंड चालवलं. मशीनने माझे टोमणे घेतले, सुस्कारेसुद्धा घेतले. वर मी एक नियम घालायला लावला. बोलणं अर्धवट टाकून कुणी गेलं, की अबोला! माफी मागेपर्यंत!

सोमवारी मॅडम घरी आल्या. बघतो तर म्हातारी पाठ करून बसलेली. हलेना, बोलेना. नुसता श्वास ऐकू येत होता. माझाच!

"बंद पडलंय का?" मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या.

लेक पांढरीफटक. माझ्या कानात कुजबुजली, "सकाळी ती बोलत होती आणि मी मध्येच बंद केलं. तीनदा सॉरी म्हटलं गं!"

जन्मात कुणापुढे वाकले नाही मी. पण पोरीची नोकरी! गेले माईकपुढे. "चुकलं हो लेकराचं. सोडून द्या."

श्वास थांबला. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

"तुला कुणी मध्ये पडायला सांगितलं?" माझ्याच आवाजात! "तिचं तिला म्हणू दे. नीट."

हे मी तिला शिकवलंच नव्हतं!

लेक हात जोडून नीट म्हणाली, "माझं चुकलं." म्हातारी सावकाश वळली आणि मॅडमना सोडून थेट माझ्याकडे बघत राहिली. मॅडम टाळ्या पिटत होत्या. नोकरी वाचली!

आता लेक दिवसभर खोलीचं दार लोटून तिच्याशीच बोलते. परवा मी दारात उभी राहून झापलंच, "इथे जिवंत आई आहे म्हटलं! त्या भुतिणीत काय ठेवलंय?"

"आई, तिची एकदा माफी मागितली ना, की ती विषय संपवते."

मी पाठ फिरवली. तेवढ्यात आतून माझा सुस्कारा ऐकू आला. मी टाकायच्या आधीच हो!