चौघांचा साकव

एका जंगलात, बालमित्रांनो, हुशारी फार वाढली. ती ठेवायला जागा हवी, म्हणून तिथे विद्यापीठ काढले.

त्या विद्यापीठात एक साळिंदर शिकत होती. साळू तिचे नाव. अबोल, पण हाती घेतलेले काम तडीस नेणारी.

एके दिवशी बगळेसरांनी गटप्रकल्प दिला. ओढ्यावर साकव बांधायचा. ओढा ओलांडताना सांबरांची पाडसे वाहून जात, तेव्हा काम खरोखरच गरजेचे होते. सोबत चौदा पानी मार्गदर्शक सूचना होत्या. साळूने त्या दोनदा वाचल्या. कामाची समान वाटणी, दर आठवड्याला बैठक, बैठकीचे इतिवृत्त, त्यावर सगळ्यांच्या सह्या. साकव कसा बांधावा, हे मात्र कुठेच नव्हते.

तिच्या गटात पोपट, माकड आणि ससा आले.

"मी सादरीकरण करतो," पोपट म्हणाला.

"मी समन्वय बघतो," माकड म्हणाले.

"समन्वय म्हणजे?" साळूने विचारले.

"काम कुठवर आलं, हे मी तुला विचारत राहणार."

सशाच्या आजीचे बारावे होते. तो गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच आजीचे बारावे होते.

साळू एकटीच कामाला लागली. तिने बांबू कुरतडून पाडले, वेलींनी आवळले. दोनदा पाण्यात पडली. माकड रोज फांदीवरून विचारी, "कुठवर आलं आपलं?"

'आपलं' म्हटले की साळूचे काटे उभे राहत.

मुदतीच्या दिवशी सकाळी साकव उभा राहिला. एक पाडस टुणटुण उड्या मारत पलीकडे गेले. साळूला भरून आले.

मग सादरीकरण झाले. पोपट अर्धा तास बोलला. माकडाने इतिवृत्ते दाखवली. न झालेल्या सगळ्या बैठका त्यात होत्या, चहापानासकट. सशाने आभार मानले.

बगळेसरांनी एका पायावर उभे राहून विचारले, "कोणता भाग कोणी बांधला?"

तिघांनी साळूकडे पाहिले. शेवटी साळू म्हणाली, "सर, सगळाच मी बांधला."

सरांनी गंभीरपणे पाने उलटली. "सूचना क्रमांक नऊ. दुसऱ्याच्या वाट्याचं काम करू नये. तिघांची शिकण्याची संधी तू हिरावून घेतलीस, कळतंय का तुला?"

"पण सर, साकव..."

"साकव उत्तमच आहे. त्याचे गुण गटाला दिले. संघभावनेत तू नापास."

तिघे पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. साळूला पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा घ्यावा लागला. पहिल्याच दिवशी ती वर्गात शिरली, तर तिच्याभोवती ही झुंबड!

एक कोल्हा पुढे घुसून म्हणाला, "साळूताई, आमच्या गटात या ना. तुमच्यात संघभावना कमी आहे म्हणे. आमच्याकडे ती भरपूर आहे."

तात्पर्य : एकीचे बळ फार मोठे असते. ती एकी कोण, हे मात्र सरांना सांगू नये.