शेंड्यावरचं सीताफळ

आमच्या ले-आउटच्या वस्तीत संध्याकाळी सहा वाजता एक गृहस्थ येतात आणि तुमच्या कचऱ्याच्या बादलीत नाक घालतात. ते नगरपरिषदेचे नाहीत, वेडे नाहीत आणि चोर तर मुळीच नाहीत. पांढरा पायजमा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, हातात घुंगरू बांधलेली काठी. बादलीचं झाकण उचलायचं, डोळे मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचा आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायचा.

"वांगं. कालचं. आंबून राहिलं."

हा प्रकार पहिल्यांदा झाला तेव्हा मी अकोल्याहून नुकतीच इथे राहायला आले होते. सदतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई मी. माझ्या डब्यात काय आहे हे मी हेडमास्तरांनासुद्धा कधी विचारू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "काय हो, लाज नाही वाटत?"

"वाटते न बाई," ते शांतपणे म्हणाले. "पन अस्वलाले नाई वाटत. ते यायच्या आंदी मी येऊन जातो."

हे सुखदेवराव राऊत. सगळं ले-आउट त्यांना तोंडावर राऊतभाऊ म्हणतं आणि पाठीमागे 'नाक' म्हणतं. "नाक आलं का गं?" "नाक पुढच्या गल्लीत आहे, लवकर झाकण लाव." त्यांना हे ठाऊक आहे. त्यांना सगळंच ठाऊक असतं. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाचं दूध नासलं, कोणाच्या सुनेनं सासूपासून लपवून अंडी उकडली, हे त्यांना झाकण उचलताच कळतं. पण अंड्याचं त्यांनी कधी मोठ्यानं सांगितलं नाही, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

आमचं ले-आउट पातूरच्या अगदी टोकाला आहे. मागची ओळ संपली की नाला, नाल्यापलीकडे डोंगर, आणि डोंगरात अस्वलं. पूर्वी ही सगळी जागा राऊतभाऊंची सीताफळाची बाग होती. मुलगा पुण्याला गेला, बायको कौसल्या अंथरुणाला खिळली, बागेत राबायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्यांनी ती विकली. नाल्याकडचा शेवटचा प्लॉट तेवढा स्वतःला ठेवला, एका झाडासकट. एकदा माझ्याकडे चहा पिताना ते सहज म्हणाले, "तुमचं सैपाकघर हाय न बाई, तिथं माहं सगळ्यात गोड झाड होतं." तेव्हापासून कुकर लावताना मला दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटतं. माणसानं काही गोष्टी सांगू नयेत.

या नाकावर त्यांनी चाळीस वर्षं बाळापूरच्या बाजारात फळं विकली. सीताफळाचे डोळे उघडले की तोडायचं, पिकायला गवतात अढी घालायची आणि मग नाकावर भरवसा ठेवायचा. बंद टोपल्यातलं कितवं फळ आज पिकलं आणि कितवं उद्या पिकेल, हे ते न उघडता सांगत. आता बाग नाही, बाजार नाही, पण नाक आहे. ते त्यांनी आमच्या सेवेला लावलं.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका वाक्यात आहे. "अस्वल येत नाई बाई, आपन बलावतो त्याले."

या एका वाक्याखाली त्यांनी आम्हाला काय काय करायला लावलं! कचरा रात्री बाहेर ठेवायचा नाही, सकाळी घंटागाडी आली की हातात द्यायचा. बादलीला घट्ट झाकण हवं. दोन घरांची झाकणं त्यांनी स्वतः तार घालून बसवून दिली. मारोतीच्या ओट्यावर तेलाची पणती उघडी ठेवायची नाही, कारण अस्वल तेल चाटतं. नारळ फोडला की तिथेच खायचा. यावरून भजनी मंडळाच्या बायकांशी त्यांचं चांगलंच वाजलं. "देवापुढचा प्रसाद उचलायचा म्हणजे काय?" भाऊ म्हणाले, "मारोतीले तुमची भक्ती पोचली. खोबरं पोटात टाका. वट्यावर ठेवलं तं ते मारोती नाई खात, मांगून येनारी खाते." बायका चिडल्या, पण खोबरं खाल्लं.

दिवेलागणीला नाल्याकडे जायचं तर आवाज करत जायचं, हा त्यांचा आणखी एक नियम. अस्वलाला माणसाची चाहूल लागली तर ते वाट सोडतं. अचानक समोर आलो तर घाबरून अंगावर येतं. ते स्वतः आवाज करतात तो बाजारातला. "घ्या सीताफ्फळ! डोंगरचे सीताफ्फळ! साखर फिक्की, साय फिक्की!" गल्लीत नवीन भाडेकरू आले की पहिल्या दिवशी ते हमखास पिशवी घेऊन बाहेर येतात. भाऊ त्यांना फळाऐवजी झाकणाचं व्याख्यान देतात.

माझं आणि त्यांचं भांडण झालं ते बोरीवरून. माझ्या अंगणात एक बोर आहे. ते म्हणाले, पिकायच्या आत सगळी झोडा. मी म्हटलं, "माझं झाड, माझं अंगण, माझी बोरं. तुम्ही कोण?" दुसऱ्या दिवशी उजाडताच मला हाक मारून त्यांनी कुंपणाच्या भिंतीवरचे ओरखडे दाखवले. चार चार बोटं लांब, सिमेंट सोलून काढलेलं. मी मुकाट्यानं आत जाऊन काठी आणली. त्या वर्षी ले-आउटमधल्या प्रत्येक घरी माझ्या बोरांचं लोणचं गेलं, आणि त्याच्या बरण्याही भाऊंनी हुंगल्या.

तर असं आमचं बरं चाललं होतं. मग गेल्या कार्तिकात मारोतीचे रोडगे झाले.

रोडगे म्हणजे आमच्या वऱ्हाडाचा जीव. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, वर तूप, सोबत वांग्याची झणझणीत भाजी, गोडाला गूळ. भाऊ त्या दिवशी पुतणीच्या सोयरिकीसाठी रिद्धपूरला गेले होते. जाताना दहा वेळा बजावून गेले, "उरलंसुरलं खड्डा करून पुरा. पत्रावळी बी पुरा." पण आमच्यात गावंडे म्हणून एक निवृत्त कंडक्टर आहेत. दोन माणसं उभी दिसली की अजूनही 'पुढं सरका' म्हणतात. ते म्हणाले, "अन्न का कोनी मातीत गाडते? मुक्या जनावराच्या तोंडी गेलं तं पुन्य लागते." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू? आम्ही दोन टोपली रोडगे, भाजी आणि गुळासकट, नाल्याच्या काठावर ओतले आणि पुण्य घेऊन घरी आलो.

मुकं जनावर पहाटे आलं. पाठीवर दोन पिल्लं घेऊन.

काठावरचं संपवून ती रोडग्याच्या राखेचा वास काढत मारोतीच्या ओट्याजवळ आली, आणि तेवढ्यात गावंडे लोटा घेऊन बाहेर पडले. त्यांची किंकाळी मी घरात ऐकली. पाच मिनिटांत तीस माणसं जमली. काठ्या, फावडी, मोबाईल. गावंड्यांनी दिवाळीतली उरलेली लड आणली. ओटा आणि गावंड्यांची भिंत यांच्या कोपऱ्यात ती अडकली होती, मागच्या पायांवर उभी, आणि पिल्लं तिच्या पाठीच्या केसांत तोंड खुपसून बसलेली. मला खूप भीती वाटली. तिची वाटली आणि आमचीही वाटली.

तेवढ्यात पहिल्या गाडीनं भाऊ परतले. हातात पिशवी, डोक्यावर सोयरिकीचा फेटा तसाच. ते अस्वलावर ओरडले नाहीत. आमच्यावर ओरडले.

"घरात! सगळे घरात जा! नाल्याकडून काहून उभे हा? वाट द्या तिले! चहूकडून घेरलं तं कोनी बी चावन, मी बी चावन! गावंडे, ते लड खाली ठेवा!"

गावंड्यांनी लड ठेवली. नाल्याची बाजू मोकळी झाली. आम्ही दारांच्या फटीतून पाहत होतो. ती चार पायांवर आली, एकदा इकडे पाहिलं, आणि पिल्लांसकट नाल्यात उतरून गेली. कोणाला ओरखडासुद्धा नाही.

नऊ वाजता वनरक्षक मॅडम आल्या. तरुण मुलगी, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, "काका, आज निभावलं. पुन्हा वस्तीत आली तर मला पिंजऱ्याचा प्रस्ताव द्यावा लागेल. आणि पिंजऱ्यात आई सापडली तर पिल्लंही सापडतीलच असं सांगता येत नाही."

भाऊंचा चेहरा उतरला. म्हणाले, "पंधरा दिवस द्या, मॅडम. नाई येनार ते. माहा शब्द हाय."

मग त्यांनी आम्हाला जे पळवलं! सगळ्या बादल्या आत. पेरू, चिकू, पपई, जे झाडावर असेल ते खाली. नाल्याचा काठ आम्ही फावड्यानं खरवडून धुतला. गावंडे इतके ओशाळले होते की संध्याकाळी अंगणात रेंगाळणाऱ्या प्रत्येकाला "पुढं सरका, घरात सरका" म्हणत फिरायला लागले. त्यांना अखेर योग्य काम मिळालं. रोज सकाळी भाऊ आणि मी नाल्याची रेती पाहून यायचो. पहिला दिवस कोरा, पाचवा कोरा, दहावा कोरा. मी वहीत लिहिल्यासारखं मनात लिहून ठेवत होते.

बाराव्या दिवशी पावलं उमटली. ती माझ्या घराकडे गेली नव्हती, गावंड्यांकडे गेली नव्हती. सरळ राऊतभाऊंच्या परसात गेली होती.

परसात ते एकच झाड. खोडावर ताजे ओरखडे, खालची फांदी मोडून लोंबत होती. मी वर पाहिलं. अगदी शेंड्यावर, बारीक डहाळीला, अस्वलाचं वजन पेललं नसतं अशा जागी, एक सीताफळ. डोळे टच्च उघडलेलं. मला, नाक नसलेल्या बाईलाही, खालून वास आला.

मी भडकले. का भडकू नये? "भाऊ! माझी बोरं झोडायला लावलीत. देवापुढचा नारळ उचलायला लावलात. आणि स्वतःच्या दारात हे? तुमच्या नाकाला आला नाही वास?"

"आला न बाई," ते म्हणाले. "रोज येत होता. म्हनूनच तं तोडलं नाई."

ते झाडाखालच्या दगडावर बसले. काठी त्यांनी आडवी ठेवली.

"कौसल्या म्हने, शेंड्यावरचं एक ठेवाचं. ते पाखराचं. बागेत तीनशे झाडं होती तवा बी एकेक ठेवे. ते गेली त्याले सहा वर्सं झाली. बाकी समदे मी तोडतो, वाटून देतो. हे एक ठेवतो. आठ दिवस ह्याचा वास घरात येते, सकाळी उठलो का वाटते ते अढी उघडून राहिली, आता हाक मारन. आठच दिवस येते, बाई. मंग पुढच्या कार्तिकापर्यंत काई नाई."

मला रडू आलं.

त्यांनीच मला शिडी धरायला लावली. सत्तरीचा माणूस शेंड्यापर्यंत चढला, फळ तोडलं, पायजम्याच्या खिशात घातलं आणि सावकाश उतरला. मॅडम आल्या तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. पावलं दाखवली, ओरखडे दाखवले. "चूक माही हाय. तिची नाई. मीच बलावलं तिले." मॅडम म्हणाल्या, "आजपासून पुन्हा पंधरा दिवस मोजू, काका." ती मुलगी माझ्या वर्गात असती तर मी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

पंधरा दिवस अस्वलीण आली नाही. अजूनही आलेली नाही. पिंजरा लागला नाही. परवा गुराखी सांगत होते, पिल्लं आता पाठीवर मावत नाहीत, मागून चालतात.

पण मला सांगायचंय ते फळ तोडलं त्याच दिवशी दुपारचं. भाऊ माझ्या ओसरीवर आले आणि खिशातून ते फळ काढून पुढ्यात ठेवलं.

"तुमी खा न, बाई, संगं. सहा वर्सं झाली, मी सीताफळ खाल्लं नाई. एकट्यानं खायचं फळ नाई हे. बिया कोनासमोर थुकायच्या?"

आम्ही ते दोन हातांनी फोडून खाल्लं. अर्धं त्यांनी, अर्धं मी. चाळीस वर्षांच्या फळवाल्यानं एकेक बी वेगळी करत, डोळे मिटून खाल्लं. साली आणि बिया मी माझ्या बादलीत टाकल्या. झाकण अर्थातच घट्ट लावलं.

संध्याकाळी सहाला घुंगरू वाजलं. भाऊ नेहमीसारखे आले, झाकण उचललं, डोळे मिटले आणि श्वास घेतला. रोजच्यापेक्षा बराच वेळ घेतला. गावंडे दारात उभे राहून वाट पाहत होते.

"सीताफळ," भाऊंनी गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. "डोंगरचं. दोघाजनानं खाल्लेलं."

आणि झाकण लावून ते पुढच्या घराकडे गेले.