तिथे अजून शनिवार आहे

रविवारी उजाडायच्या आधी नेने काका पंचा नेसून परसात उभे असतात आणि त्यांच्या अंगातून वाफा निघत असतात. हे मी जुलैतलं सांगतोय. जुलै म्हणजे मेलबर्नचा ऐन हिवाळा. माझ्या गाडीची काच पांढरी झालेली असते, आणि कुंपणापलीकडे सत्तरीचे एक गृहस्थ उघड्या अंगाने, नुकत्याच उघडलेल्या कुकरसारखे शांतपणे वाफाळत असतात. हे दृश्य पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या पलीकडच्या ग्रेगने. तो धावत माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मेट, तुझे अंकल पेटलेत का?"

पेटले नव्हते. त्यांना फिनलंड लागलं होतं.

नेने काका आमच्या ग्लेन वेव्हर्ली या उपनगरातले सगळ्यात जुने मराठी रहिवासी. पाणीखात्यात इंजिनिअर होते, निवृत्त झाले. काकू होत्या तोवर काकांना क्रिकेट आणि कोथिंबीर या दोनच विषयांवर मतं होती. काकू गेल्या, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात काका एकाएकी फिनलंडबद्दल बोलायला लागले. त्यांची एकुलती एक मुलगी मंजिरी तिथे ताम्पेरे नावाच्या गावात लाकडापासून कापड बनवायचं संशोधन करते, त्यामुळे थोडंफार कौतुक समजण्यासारखं होतं. पण हे थोडंफार नव्हतं. आम्ही सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं की एकटेपणात माणसाला काहीतरी धरायला लागतं, काकांनी देश धरला.

काकांचं पालुपद एकच. "कंपेअर करून बघ."

मी घर घेतलं तेव्हा चांगल्या शाळेच्या झोनसाठी ऐपतीबाहेर उडी मारली. वास्तुशांतीच्या जेवणात, माझ्याच घरात, माझीच जिलबी खात काका म्हणाले, "शाळेसाठी घर बदलायचं? फिनलंडमध्ये घराजवळची शाळा हीच चांगली शाळा. कंपेअर करून बघ." मी बघितलं. मग पुढचे काही दिवस मला झोप लागली नाही.

ट्रेन उशिरा आली, कंपेअर. डॉक्टरची अपॉइंटमेंट लांबची मिळाली, कंपेअर. एकदा आमच्या गल्लीत कुणाचंतरी पाकीट सापडलं आणि संध्याकाळपर्यंत मालकाला परत मिळालं, तर काका चक्क हिरमुसले. "तिथे दुपारपर्यंत मिळालं असतं," एवढंच म्हणाले.

सुखी देशांच्या यादीत दरवर्षी फिनलंड पहिला आला की काका पेढे वाटतात. पुण्याशी त्यांचं भांडण नाही, कारण पुणे स्पर्धेत नाही असं ते म्हणतात. ऑस्ट्रेलियाबद्दल त्यांना माया आहे, पण ती हुशार पण अभ्यास न करणाऱ्या पोराबद्दल असते तशी. खरा दात आहे तो डेन्मार्कवर. डेन्मार्क कायम फिनलंडच्या मागोमाग असतो, आणि तेच काकांना खपत नाही. कुणी डेन्मार्कच्या लोणी-बिस्किटांचा निळा डबा भेट दिला तर काका बिस्किटं ग्रेगच्या कुत्र्याला घालतात आणि डब्यात सुया-दोरे ठेवतात. "तेवढ्याच लायकीचा देश आहे," असा त्यांचा निर्वाळा आहे.

आणि हे सगळं फिनलंड न पाहता. मंजिरी दरवर्षी बोलावते, काका जात नाहीत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "जाऊन मत बदललं तर?"

असा माणूस सौना, म्हणजे तिकडची वाफेने घाम काढायची खोली, बांधणार हे उघड होतं. परसातली लाकडी शेड रिकामी झाली. तिथला लॉनमोअर दिवाणखान्यात सोफ्याशेजारी गेला आणि आजही तिथेच आहे, पाहुणे आले की त्यावर कोट टाकतात. काकांनी भिंतींना फळ्या ठोकल्या, बसायला बाक केला, विजेची शेगडी आणली, तिच्यावर दगड रचले. गुडघे दुखायचे, पण ते कुणाला हात लावू देईनात. मी नुसता स्क्रू धरायला पुढे झालो, तर म्हणाले, "तू बस. तू स्क्रूशी पण बोलशील."

हे खरं आहे. मी जरा बोलका आहे.

उद्घाटनाला मी आणि ग्रेग. फिनलंडमध्ये म्हणे सौनात बर्च नावाच्या झाडाच्या डहाळ्यांनी पाठीवर हलके फटके मारतात. आता बर्च कुठून आणायचं? काकांनी इंजिनिअरच्या डोक्याने विचार केला की डहाळी लवचिक हवी, पानं दाट हवीत आणि वास चांगला हवा. या तिन्ही कसोट्यांना उतरेल असं झाड त्यांना आमच्या परसात दिसलं. तो प्राचीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, कढीपत्ता होता. मेलबर्नमध्ये कढीपत्ता जगवणं म्हणजे काय, हे इथल्या मराठी बायकांना विचारा. थंडीत ती कुंडी रात्री घरात यायची, हीटरजवळचा कोपरा तिचा. मी तिथे पाय ठेवला तरी ओरडा बसायचा.

काकांनी त्याच्या चांगल्या घसघशीत फांद्या छाटल्या.

आत गेल्यावर काकांनी नियम सांगितला. बोलायचं नाही. मग तापल्या दगडांवर पाणी ओतलं, वाफ उठली, आणि त्यांनी ग्रेगच्या पाठीवर कढीपत्ता हाणला. गरम वाफ, घाम आणि कढीपत्ता. मग ग्रेग डोळे मिटूनच म्हणाला, "मेट, डिनरचा वास येतोय." तेवढ्यात कुंपणापलीकडून प्राचीचा आवाज आला, "काका, शेडमध्ये फोडणी कोण करतंय?"

त्यानंतर प्राची काकांशी बरेच दिवस बोलली नाही. काकांनी ते मनावर घेतलं नाही. फिनलंडमध्ये शेजारी असेच असतात, म्हणाले.

वेळेचं कोडं मात्र मला सुटेना. माणूस दमूनभागून संध्याकाळी सौना घेतो. हे रविवारी पहाटे उठून घेत. तेही दर रविवारी, न चुकता. अंगात कणकण असो नाहीतर उन्हाळा असो, इथला जानेवारी म्हणजे बाहेरच भट्टी, तरी काका आत. मी विचारलं, "काका, ही काय वेळ आहे?"

"फिनलंडमध्ये सौना शनिवारी संध्याकाळी घेतात."

"आज रविवार आहे. सकाळ आहे."

"तिथे अजून शनिवार आहे," काका म्हणाले, आणि दार लावून घेतलं. मी ही गोष्ट सगळ्यांना सांगून पुष्कळ हशे मिळवले.

गेल्या डिसेंबरात एका सोमवारी मंजिरी दहा दिवसांच्या सुट्टीला आली. सुरुवातीला सगळं ठीक होतं. मग परत जायच्या आधीच्या शनिवारी आम्ही सगळे आमच्याकडे जेवायला जमलो होतो. पानं वाढली, आणि मंजिरीने सांगितलं की ती तिथली नोकरी सोडणार आहे आणि मेलबर्नला परत येणार आहे. बाबा एकटे असतात, आता बास.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी वाटी खाली ठेवली.

"तिथलं काम इथे मिळणार आहे का?"

"दुसरं काहीतरी बघेन."

"कंपेअर करून बघ, मंजू. तिथे माणसाला माणसासारखं..."

"बाबा, तिथला नोव्हेंबर तुम्ही पाहिलाय? दुपारीच अंधार होतो. बसमध्ये कुणी कुणाशेजारी बसत नाही. शेजारणीला माझं नाव कळायला वर्ष लागलं."

"याला प्रायव्हसी म्हणतात."

"रोज तो काळा पाव खाऊन बघा."

"मी खातो."

"तुम्ही ठेचा लावून खाता. आणि सौनात गप्प बसायचं हा कुठला नियम काढलात? बसमध्ये बोलत नाहीत, सौनात बोलतात तिथे."

"तुला काय माहीत फिनलंड?" काका कडाडले.

सगळे खदखदून हसले. मला तर ठसकाच लागला. मंजिरी हसली नाही. ती म्हणाली, "मी येऊ नये असं वाटतं ना तुम्हाला? तसं सरळ सांगा."

"हो," काका म्हणाले. "येऊ नकोस."

हात धुऊन ते घरी गेले. मागे कुणीतरी श्रीखंड फिरवलं, पण कुणी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहाटे मला जाग आली, आणि सवयीने कुंपणापलीकडे बघितलं तर शेडमध्ये दिवा नव्हता. मी तसाच पलीकडे गेलो. शेडचं दार उघडं होतं. काका कपड्यांनिशी बाकावर बसले होते. शेगडी बंद.

"आज नाही?" मी विचारलं.

"आज कशाला? मंजू घरात झोपली आहे."

मला उलगडायला वेळ लागला. मी त्यांच्याजवळ बसलो. ते दगडांकडे बघत होते. मग आपणहून बोलायला लागले.

"मंजू फिनलंडला गेली ती तिची आई वारली त्याच्या आदल्या वर्षी. बायको गेल्यावर दिवसांना आली, परत गेली, आणि मग रोज फोन करून रडायची. मी इथून काय करणार? 'रडू नको' म्हणायचो आणि फोन ठेवून मीच रडायचो. तिच्या इमारतीत खाली सगळ्यांचा मिळून सौना आहे. शनिवारी बायकांची वेळ. एका शनिवारी शेजारच्या बाईने हिचं दार वाजवलं, हातात टॉवेल दिला आणि खाली घेऊन गेली. हिला भाषा येत नव्हती. त्या आपल्या आपल्यात बोलत होत्या, पण हिला मध्ये बसवलं होतं. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्यानंतर हिचं रडणं हळूहळू थांबलं." काकांनी नाक पुसलं. "आत फोन नेता येत नाही, उकाड्याने बिघडतो. मग मी म्हटलं, त्या वेळेला आपणही बसावं."

मी उठून शेडचं दार लोटून आलो.

"लोक म्हणतात, नेन्याला वेड लागलंय. लागू दे. माझी पोरगी रडत होती, मला जाता आलं नाही, आणि त्या देशात कुणीतरी तिच्याशेजारी येऊन बसलं. माझ्या लेखी तो देश पहिला. बाकीच्यांनी आपापले नंबर लावून घ्यावेत."

"मग आता ती येतेय तर येऊ दे ना, काका."

"तिला यायचं असतं तर मी आज खोली रंगवायला घेतली असती. ती माझ्यासाठी येतेय. काल नोव्हेंबरच्या नावाने बोटं मोडत होती, पण कामाचं बोलताना तिचा चेहरा बघितलास? ते सोडून ती इथे येणार, आणि मी रोज सकाळी चहा पिताना तिच्याकडे बघणार. मला जमणार नाही, निखिल. एकटं राहणं मला जमतं."

त्या आठवड्यात बापलेकीत काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. एकदा भांडणाचे आवाज आले, एकदा दोघांच्या हसण्याचे. मंजिरी ठरल्या दिवशी परत गेली, नोकरी न सोडता. तिला सोडायला काका आणि मी माझ्या गाडीतून गेलो. फ्रीवेवर गाडी अडकली, तेव्हा काका मागच्या सीटवरून म्हणाले, "विमानतळाला साधी ट्रेन नाही. फिनलंडमध्ये थेट आत जाते." मंजिरी त्यांचा हात घट्ट धरून खिडकीबाहेर बघत होती. उतरताना मला म्हणाली, "निखिलदादा, बाबांना जूनमध्ये विमानात बसवायची जबाबदारी तुझी." काका "बघू" म्हणाले. यापूर्वी ते "नाही" म्हणायचे.

पुढच्या रविवारी पहाटे शेडमध्ये दिवा लागला. रात्रभर उकडत होतं, आमच्या घरात पंख्याखालीही झोप नव्हती. मी टॉवेल घेऊन निघालो, तर स्वयंपाकघराच्या दारात प्राची उभी होती. तिने कढीपत्त्याची एक फांदी तोडून ठेवली होती. ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हळू मारायला सांग."

काकांनी मला पाहिलं, सरकून जागा दिली आणि दगडांवर पाणी ओतलं. वाफ उठली. मी नियमाप्रमाणे गप्प.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "बोललास तरी चालेल. मंजू म्हणते, तिथे बोलतात."

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काही बोलावंसं वाटलं नाही. मी नुसता त्यांच्याशेजारी बसून राहिलो.