डॅन रोरीच्या हेक्टरचं मुखपृष्ठ

"डोक्याने मासिकाचं नाव झाकायचं?" रॅनल्ड मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. "कॉरिन, अगं, नाव दिसावं म्हणून तर आपण ते छापतो ना?"

"सगळं कुठे झाकतंय मास्तर? टोपीचं टोक दोन अक्षरांवर येतं, बस. मोठमोठी संगीत मासिकं असंच करतात. नाव इतकं ओळखीचं आहे की थोडं झाकलं तरी चालतं, असा त्याचा अर्थ."

"त्यांचं नाव ओळखीचं आहे. आपलं कोण ओळखतं?"

"जे विकत घेतात ते सगळे. आणि ते सगळे तुमचेच विद्यार्थी आहेत."

मास्तरांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते 'गज आणि घोडी' हे त्रैमासिक चालवत होते. कॅनडातल्या केप ब्रेटनच्या त्या किनाऱ्यावरच्या फिडल वाजवणाऱ्यांसाठी ते निघायचं; फिडल वाजवायचा गज आणि तारांखालची घोडी, म्हणून ते नाव. फिडलला व्हायोलिन म्हणणाऱ्याला तिथे चहा मिळतो, पण दुसरा कप कुणी विचारत नाही. मास्तरांच्या हातचं मुखपृष्ठ म्हणजे मधोमध एक फोटो, त्याला काळी चौकट आणि खाली बारीक अक्षरात नाव. अंक घरी आला की आधी सगळे दचकायचे. माणूस हयात आहे हे आत पान उलटल्यावर कळायचं.

हे बदलायचं काम कॉरिनकडे आलं होतं. लग्नाआधी ती टोरँटोच्या एका संगीत मासिकात मुखपृष्ठंच करायची. नवरा नील वर्षातले बरेच महिने अल्बर्टाच्या तेलविहिरींवर, म्हणून ती सासऱ्यांसोबत राहत होती. गाव प्रेमळ होतं, पण त्या किनाऱ्यावर माणसाला नाव विचारत नाहीत, "तू कुणाची?" असं विचारतात. सासरे म्हणजे डॅन रोरीचा हेक्टर, रोरीचा मुलगा डॅन आणि डॅनचा हेक्टर, एवढ्यावर त्यांच्या तीन पिढ्या सांगून व्हायच्या. कॉरिन मात्र अजूनही "हेक्टरकडची टोरँटोची" होती.

आणि या वेळी मुखपृष्ठावर खुद्द हेक्टर होता. त्याचा जन्मभराचा प्रतिस्पर्धी लॉकी मुखपृष्ठावर तीनदा येऊन गेला होता. हेक्टर एकदाही नाही. "मला काय करायचंय त्या कागदावर येऊन?" असं तो शेगडीशेजारच्या खुर्चीतून दरवेळी म्हणायचा. या वेळीही म्हणाला, पण त्याआधी केस कापून आला होता. कॉरिनला त्याचं फार वाईट वाटायचं. म्हाताऱ्याच्या वाट्याला हे एकच मुखपृष्ठ येणार, ते असं झालं पाहिजे की लॉकीने पुन्हा पुन्हा उघडून बघावं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

फोटो स्वयंपाकघरातच काढला. हेक्टर शेगडीजवळ फिडल वाजवतोय, नजर सरळ कॅमेऱ्यात आणि चेहऱ्यावर हसू. मुखपृष्ठावरच्या माणसाने गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत बघितलं पाहिजे हा पहिला नियम, तो साधला. दुसरा नियम आडवा आला. दुकानातल्या फळीवर मासिकं एकमेकांवर अशी रचतात की प्रत्येकाची फक्त डावी बाजू दिसते. म्हणून मथळे डावीकडे, माणूस उजवीकडे. हेक्टर तर फोटोत अगदी डावीकडे बसला होता.

"बाबा, पुन्हा एकदा काढू या? या बाजूला बसून?"

"पुन्हा हसायचं?"

"हो."

"झालं ते हसून," हेक्टर म्हणाला आणि फिडल पेटीत ठेवून मोकळा झाला.

मग कॉरिनने कुठल्याही मुखपृष्ठकाराने केलं असतं तेच केलं. फोटो आरशासारखा फिरवला. हेक्टर उजवीकडे गेला, डावीकडे ऐसपैस जागा झाली, फिडलचं टोक बरोबर मथळ्याकडे रोखलं गेलं. फिरवलेल्या फोटोत काय काय फसतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. भिंतीवरच्या दिनदर्शिकेची अक्षरं उलटी झाली होती, ती तिने सुलटी केली. घड्याळाचे आकडे नीट लावले. लग्नाची अंगठी भलत्या हातात गेली होती, ती परत आपल्या हातात आणली. शर्टाची बटणं बायकांच्या शर्टासारखी दिसत होती, तीही बदलली. कुठे म्हणून काही सुटलं नाही याचं तिला मोठं समाधान वाटलं.

मास्तरांनी छपाईआधी सगळं तपासलं, म्हणजे स्वल्पविराम तपासले. हेक्टरने बघायला साफ नकार दिला. "अंक हातात येईल तेव्हाच बघणार. आधी बघितलं की नजर लागते."

अंक पोस्टात आले त्या दिवशी कॉरिन लगबगीने गेली. पोस्टातल्या एफीबाई कुठलाही छापील कागद आधी स्वतः वाचून मगच पेटीत टाकायच्या. त्यांनी अंक छातीशी धरला होता आणि डोळे ओले होते.

"कधीपासून गं?"

"काय कधीपासून?"

"हेच. डाव्या हाताने वाजवतोय तो."

कॉरिनने मुखपृष्ठाकडे बघितलं. शर्ट बरोबर, अंगठी बरोबर, घड्याळ बरोबर. आणि हेक्टरच्या डाव्या हातात गज होता. फिडल उजव्या खांद्यावर होतं. अख्ख्या किनाऱ्यावर ज्या एका गोष्टीकडे सगळ्यांचं सगळ्यात आधी लक्ष जाणार, तेवढीच तिच्या नजरेतून सुटली होती.

"ते... एफीबाई, ते जरा उलटं झालं," ती कशीबशी म्हणाली.

"अगं बाई!" एफीबाईंनी तोंडावर हात ठेवला. "हाताचं उलटं झालं? डाव्या हाताची बोटं तारांवर चालत नाहीत का त्याची? आणि बोलला नाही मेला कुणाजवळ!"

"नाही हो, तसं नाही, फोटो..."

"नको सांगूस. घरातली गोष्ट घरात राहू दे. मी कुणाला बोलायची नाही."

एफीबाई कुणाला बोलल्या नाहीत असं कधी झालं नव्हतं. अंक तर सगळ्यांच्या पेट्यांत आधीच पडले होते. कॉरिन घरी आली, हेक्टरचा अंक तिने पिठाच्या डब्यामागे लपवला आणि "छपाईला उशीर होतोय" असं सांगून टाकलं. संध्याकाळी धीर करून सगळं बोलायचं, असं तिने ठरवलं.

संध्याकाळ व्हायच्या आत पहिलं भांडं आलं. त्या गावात कुणी झाकलेलं भांडं घेऊन दारात आलं तर समजायचं, घरात आजारपण तरी आहे नाहीतर मयत तरी. शेजारणीने माशाचे कटलेट आणले, हेक्टरचा डावा हात हळूच कुरवाळला आणि डोळे पुसत गेली. पाठोपाठ बटाट्याचं सूप आलं, मग ओटची बिस्किटं, मग मटण भरून भाजलेली पाई, मग पुन्हा कटलेट. एकाने त्याच्या चहात साखर घालून ढवळून दिली. दुसऱ्या शेजाऱ्याने, अॅलेक्सने, त्याच्या बुटाची नाडी बांधली.

"कोण गेलं?" हेक्टरने कॉरिनला विचारलं.

"कुणी नाही, बाबा."

"मग हे सगळं काय? अॅलेक्सने माझी नाडी बांधली गं. उभ्या आयुष्यात त्याने स्वतःची नीट बांधलेली नाही."

दुसऱ्या दिवशी आणखी भांडी आली, तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "पोरी, खरं सांग. डॉक्टर तुझ्यापाशी काही बोलला का? गावाला ठाऊक आहे आणि मलाच नाही, असं काहीतरी आहे. नीलला बोलावून घ्यायचं का?"

कॉरिनला रडू फुटलं. रडण्याच्या भरात तिने सांगायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दार वाजवायच्या फंदात न पडता लॉकी आत आला. एका हातात बाटली होती, दुसऱ्या हातात 'गज आणि घोडी'. एरवी हे दोघे एकमेकांना फक्त नाचाच्या रात्री हॉलमध्ये भेटायचे आणि तिथेही हवामानापलीकडे बोलायचे नाहीत. लॉकीने बाटली टेबलावर ठेवली, टोपी काढली.

"डॅन रोरीच्या हेक्टर," तो म्हणाला, "मी बोलतो, तू मधे बोलू नकोस. माझ्या बोटांना असं झालं असतं ना, तर मी फिडल भिंतीवर टांगलं असतं आणि दिवसभर शिव्या देत बसलो असतो. तू या वयात हात बदललास. गज डाव्या हातात घेतलास. आणि वर हसतोयस!"

त्याने अंक पुढे धरला. हेक्टरने आपलं मुखपृष्ठ पहिल्यांदा बघितलं ते असं. त्याने फोटो बघितला, मग आपल्या डाव्या हाताकडे बघितलं, मग कटलेटच्या भांड्यांकडे, मग सुनेच्या रडक्या तोंडाकडे. कॉरिनने डोळे मिटून घेतले.

"सवय लागते," हेक्टर म्हणाला.

"सवय लागते म्हणे!" लॉकीने अंक टेबलावर आपटला. "तू माझ्याहून चांगला वाजवतोस रे. आधीपासूनच. तुझ्या आईच्या शपथेवर सांगतो, हे मी बायकोलाही बोललो नव्हतो."

दोघांनी बाटलीतलं थोडं थोडं घेतलं आणि लॉकी नाक पुसत निघून गेला.

"बाबा, चुकलं माझं," कॉरिन हुंदके देत म्हणाली. "फोटो फिरवला मी. तुमचं एकुलतं एक मुखपृष्ठ वाया घालवलं. मास्तर पुढच्या अंकात चूकदुरुस्ती छापतील, मी आत्ताच फोन करते त्यांना."

"खबरदार! चूकदुरुस्ती छापलीत तर मास्तरला या घरात चहा मिळणार नाही."

"अहो, पण सगळ्यांना खोटं..."

"ऐकलंस ना तो काय म्हणाला?" हेक्टरचा आवाज एकदम मऊ झाला. "उजव्या हाताने जन्म काढला गं मी. एकदासुद्धा म्हणाला नाही." त्याने अंक हातात घेतला, लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. "आणि फोटो झकास आहे. टोपी नावावर आली, तेही बरं दिसतंय."

कॉरिनला हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. शनिवारी हॉलमध्ये नाच होता. वाजवायची पाळी हेक्टरची होती.

शनिवारी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. पलीकडच्या खाडीवरून माणसं आली होती. एफीबाई अगदी पुढच्या खुर्चीवर रुमाल काढून बसल्या होत्या. हेक्टर मंचावर आला, पेटी उघडली, आणि सगळ्यांच्या देखत फिडल नेहमीसारखं डाव्या खांद्यावर ठेवून गज उजव्या हातात घेतला. मागची माणसं बघायला खुर्च्यांवर चढली. कॉरिनने नवऱ्याला फोन करून अल्बर्टात खोली बघायला सांगावं की काय, असा विचारही केला.

हेक्टरने पायाने ठेका धरला आणि वाजवायला लागला.

"हात परत आला!" एफीबाई किंचाळल्या. "बाई बाई, हात परत आला त्याचा!"

"माझे कटलेट!" मागून शेजारीण ओरडली.

"मटणाची पाई खाल्ली ना, त्याने बळ आलं अंगात," आणखी कुणीतरी म्हणालं.

लॉकी उठून उभा राहिला. "अरे, हात परत आला म्हणून डाव्या हाताची विद्या कुठे जाते? आता हा दोन्ही हातांनी वाजवतो!" मग जो टाळ्यांचा कडकडाट झाला तो हेक्टरच्या फिडल वाजवणाऱ्या वडिलांनाही कधी मिळाला नव्हता. कुणीतरी "आता डाव्या हाताने!" असं ओरडलं, तेव्हा हेक्टरने मान हलवली. "ते घरच्यांपुरतं," तो म्हणाला. एवढ्यावर सगळे खूष झाले. त्या रात्री त्याने असं वाजवलं की नाचणारे दमले, पण तो थांबेना. कॉरिनही नाचली. एका म्हातारीने पाणी पिताना तिला विचारलं, "तू कुणाची गं?" ती उत्तर द्यायच्या आत एफीबाईच म्हणाल्या, "हेक्टरचीच की! तिनेच तर काढला फोटो."

वसंतातला अंक जवळ आला तसा लॉकी एके सकाळी फिडलची पेटी घेऊन हजर झाला. हिवाळाभर त्याच्या घरातून भयंकर आवाज येत होते. त्याची बायको बहिणीकडे राहायला गेली होती, कुत्रंही तिच्यासोबत गेलं होतं.

"कॉरिन, या वेळी मुखपृष्ठावर मला घे," तो म्हणाला. "पण डाव्या हाताने वाजवताना. हेक्टरला जमतं आणि मला जमत नाही, असं व्हायला नको. वाजतं फारसं नाही, पण फोटोत कुठे ऐकू येतंय?"

त्याने गज डाव्या हातात घेतला, फिडल उजव्या खांद्यावर ठेवलं आणि तो शेगडीजवळ हेक्टरच्याच खुर्चीत ऐटीत बसला. कॉरिनने त्याला दुसरीकडे बसायला सांगून बघितलं. "हेक्टर बसला तिथेच बसणार," लॉकी म्हणाला. तो कॅमेऱ्यात बघून झकास हसला आणि शीळ घालत घरी गेला.

कॉरिनने फोटो कॉम्प्युटरवर उघडला. लॉकी फोटोत अगदी डावीकडे होता. मथळ्यांना जागा नव्हती. फोटो आरशासारखा फिरवला तर जागा होत होती, पण मग हिवाळाभर घाम गाळून डावा झालेला लॉकी पुन्हा होता तसा उजव्या हाताचा होणार होता. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मागे हेक्टर केव्हा येऊन उभा राहिला ते तिला कळलं नाही.

"काय गं, अडलं कुठे?"

"बाबा, नियमाप्रमाणे माणूस उजवीकडे हवा."

"नियम मोठ्या मासिकांचा ना?"

"हो."

"मग नियम तो नियम," हेक्टर गंभीरपणे म्हणाला आणि तिच्यासाठी चहा टाकायला वळला. "फिरव, पोरी."